मुलांच्या समुद्रसाहस मालिकेत हिरोचे शौर्याचे प्रसंग कुठे आणि किती टाकावेत?

तुम्ही लिहिलंय की हिरो तेरा वर्षांचा आहे, मालिका सहा भागांची आहे आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तो समुद्रात उडी मारून कुणाला तरी वाचवतो, तर सहा उड्या जास्त होतील का. होतील. माझ्या मते एकसुद्धा जास्त आहे. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मी नऊ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. कॅडेट होतो, वय एकोणीस, तेव्हा आमच्या जहाजावरून एक खलाशी पाण्यात पडला. बंदर यायला अजून दोन-तीन तास होते, जहाज फुल स्पीडला, आणि हा खलाशी पायलट लॅडर (बंदराचा वाटाड्या जहाजावर चढतो ती दोरीची शिडी) आधीच तयार करून ठेवत होता, रेलिंगबाहेर वाकलेला, हार्नेस अंगात पण हुक कुठेच अडकवलेला नाही (असं किती वेळा चालतं ते विचारू नका). मी दहा पावलांवर दोरी गुंडाळत होतो. तो ओरडलासुद्धा नाही. मी मान वळवली तेव्हा होता, परत वळवली तेव्हा नव्हता.

जवळचा लाइफबॉय, म्हणजे पाण्यावर तरंगणारं कडं, फेकला, घसा फाटेस्तोवर ओरडलो. ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथून, सेकंड मेटने (कॅप्टनच्या हाताखालचा एक अधिकारी) धूर सोडणारा लाइफबॉय टाकला, भोंग्याचे तीन लांब आवाज झाले आणि बोसन, खलाशांचा मुकादम, पळत आला. मला वाटलं आता हा काहीतरी मोठं काम सांगणार, रेस्क्यू बोट उतरवायला घे, दोरी आण, काहीतरी. त्याने माझा उजवा हात धरला, वर केला, हाताचं बोट पाण्यातल्या डोक्यावर रोखलं आणि म्हणाला, हे बोट खाली आलं तर याद राख. आणि गेला.

बस. पुढची चाळीस मिनिटं मी एवढंच केलं, माणूस कुठे आहे ते बोटाने दाखवत राहिलो.

आता हे ऐकायला फालतू वाटतं, म्हणून हिशोब सांगतो. जहाजाचा वेग तेरा नॉट, म्हणजे मिनिटाला साधारण चारशे मीटर. तुम्ही अरे बापरे म्हणेपर्यंत माणूस मागे पडलेला असतो, आधी डोकं नारळाएवढं दिसतं, मग लिंबाएवढं, मग लाटेआड जातं आणि येतं, जातं आणि येतं, आणि जे मधले तीन-चार सेकंद असतात ना, त्यात तुम्ही नुसत्या पाण्याकडे बोट करून उभे असता. धूर होता की, मग शोधायला काय, असं लोक म्हणतात. पण धुराचा डबा हलका, वाऱ्याने सरकत जातो, माणूस बराचसा पाण्यात बुडालेला, तो तेवढा सरकत नाही, थोड्या वेळाने दोघं वेगळ्याच ठिकाणी असतात. तिकडे सेकंड मेटने ज्या बाजूला माणूस पडला त्याच बाजूला पूर्ण रडर (जहाज वळवायचं सुकाणू) टाकलेला, म्हणजे जहाजाचा मागचा भाग आणि पाण्याखालचा पंखा त्याच्यापासून लांब जातो, मग साठ अंश वळल्यावर रडर पूर्ण उलटा, की मोठा वळसा घेऊन जहाज आपल्याच वाटेवर उलट्या दिशेने परत येतं. याला विल्यमसन टर्न म्हणतात. जहाज वळत होतं तसा मी रेलिंग चाचपत सरकत होतो, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, पायाखाली बघायची सोय नाही, एकदा दोरखंडाच्या वेटोळ्यात पाय अडकून गुडघा फोडून घेतला पण हात खाली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर पुसायचं कसं हाच प्रश्न. एका वेळी एकच डोळा मिटायचा, असं स्वतःच ठरवलं होतं.

माणूस मिळाला. जिवंत. रेस्क्यू बोटीने उचलला. बोसनने येऊन माझा हात खाली घेतला कारण तो माझ्याने होईना. दुसऱ्या दिवशी त्या खलाशाने बोटीतल्या तिघांना मिठ्या मारल्या, कॅप्टनला नमस्कार केला, मला काही नाही. त्याला माहीतच नव्हतं.

घरी आल्यावर हे सांगितलं तर माझा मोठा भाऊ म्हणाला, म्हणजे सगळे धावपळ करत होते आणि तू नुसतं बोट दाखवत होतास? आणि मग 'आमचा धाकटा बोटीवर बोट दाखवायची नोकरी करतो' हा विनोद पंधरा वर्षं चालला. पुतण्या नऊ वर्षांचा झाला तेव्हा तोही विचारायला लागला, काका, तू उडी का नाही मारलीस? कारण त्याच्या पुस्तकांतला प्रत्येक पोरगा मारतो. मी म्हटलं, अरे मी उडी मारली असती तर जहाजाला एकाऐवजी दोन डोकी शोधावी लागली असती, आणि बोट करायला कोणी उरलं नसतं. त्याला ते पटलं नाही. दादाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

म्हणून तुमच्या प्रश्नावर मी तडकलो, माफ करा.

खऱ्या गोष्टी बघा ना. ग्रेस डार्लिंग, १८३८, लाँगस्टोन दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी, वय बावीस. फोरफारशायर नावाची आगबोट खडकावर फुटली, तेव्हा ती आणि तिचे वडील वल्ह्याची होडी घेऊन गेले, हे सगळे सांगतात. चित्रांत ती वादळात वल्हवताना दिसते. पण मला विचाराल तर खरा प्रसंग त्यानंतरचा आहे. वडील खडकावर उतरले, आणि होडीत ती एकटी, दोन्ही वल्ही हातात, होडी खडकावर आपटूही द्यायची नाही आणि लांबही जाऊ द्यायची नाही. पुढे नाही, मागे नाही, जागच्या जागी. याच्यावर एक अख्खं प्रकरण लिहा आणि वाचणाऱ्या पोराला श्वास सोडू देऊ नका.

किंवा १९१६ मधली, अंटार्क्टिक मोहिमेत जहाज गमावलेल्या शॅकलटनची, मदत आणायला निघालेली ती होडी. सात मीटरही लांब नाही, सहा माणसं, एलिफंट बेटापासून साउथ जॉर्जियापर्यंत साधारण १३०० किलोमीटर. त्यात हिरो कोण? माझ्यासाठी वर्स्ली, नॅव्हिगेटर, म्हणजे समुद्रात आपण कुठे आहोत ते काढणारा. सूर्य दिसणार ढगाच्या फटीतून क्षणभर, तेवढ्यात हेलकावणाऱ्या होडीत सेक्स्टंट (सूर्याची उंची मोजायचं यंत्र) धरायचा, बाकीच्यांनी त्याला धरायचं, आणि जवळपास सोळा दिवसांत अशी संधी आली मोजून चार वेळा. बेट हुकलं तर पुढे नुसता महासागर. आणि मॅकनिश, सुतार, ज्याने निघण्याआधी त्या होडीच्या कडा उंच केल्या आणि वरून झाकण घातलं. त्याला नंतर पोलर मेडल, म्हणजे ध्रुवीय मोहिमेचं पदक, दिलं नाही. त्याचं आधी शॅकलटनशी वाजलं होतं हे खरं, पण झाकणाशिवाय ती होडी पहिल्याच दिवशी भरली असती. मला हे वाचून इतका राग आला होता की मी दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, बरं मग?

मुलगी हिरो हवी असेल तर मेरी पॅटन. १८५६, एकोणीस वर्षांची, गरोदर, कॅप्टन नवरा आजारी पडून बेशुद्ध, फर्स्ट मेट आधीच कोंडून ठेवलेला, सेकंड मेटला नॅव्हिगेशन येत नाही. हिने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून नेपच्यून्स कार हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोला नेलं. मधे त्या कोंडलेल्या मेटने कळवलं की मला सोडा, मी चालवतो. ती नाही म्हणाली. तो 'नाही' कुठल्याही उडीपेक्षा भारी आहे, आणि त्यासाठी पाण्याचा थेंबसुद्धा अंगावर घ्यावा लागत नाही.

किती टाकावेत ते मात्र मला सांगता येणार नाही, मी स्वतः तीन प्रकरणं लिहून वही ठेवून दिली. कुठे टाकावेत? शेवटी नको एवढं नक्की, शेवटी टाकलं की पोरं पानं मोजत वाट बघतात.

आणि हो, उडी अगदीच वर्ज्य नाही. कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस, अंगात लाइफजॅकेट, असं असेल तर मारू दे एकदा, कारण मुलांना ते आवडतं आणि त्यात गैर काही नाही. फक्त पाणी थंड असेल तर पडल्या पडल्या धाप लागते, पहिलं मिनिटभर पोहणं सोडा, नाकातोंडात पाणी न जाऊ देणं हेच काम असतं. तुमचा हिरो पडल्या पडल्या डायलॉग मारतो असं तुम्ही लिहिलंय. तो काढा.

एक करून बघा, लिहिण्याआधी. गच्चीवर उभे राहा, लांबचं एखादं झाड निवडा, हात सरळ करा आणि चालत राहा, नजर हलवू नका. मागच्या वर्षी पुतण्यासमोर दादाला करायला लावलं, चाळीस मिनिटं म्हटलं, तो हसला. चौथ्या मिनिटाला त्याचा फोन वाजला आणि त्याने खिशात हात घातला. मी गप्प होतो. पुतण्याच म्हणाला, बाबा, माणूस गेला.