96 पर्सेंटाइल म्हणजे 96 टक्के नव्हेत

अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग, म्हणजे जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाच्या उत्तरेकडे नव्याने आलेल्या आईबाबांचा ठरलेला प्रश्न: "मुलगी मागच्या राज्यात गिफ्टेडमध्ये होती, इथे आपोआप घेतील ना?" नाही. गिफ्टेड म्हणजे विशेष हुशार मुलांसाठी शाळेत चालणारा वेगळा कार्यक्रम, आणि अमेरिकेत त्यासाठी देशभर एकच नियम नाही. जॉर्जियात काउंटी बदलली तरी पात्रता टिकते, पण दुसऱ्या राज्यातली पात्रता मानायचं बंधन शाळेवर नाही. फक्त लष्करी कुटुंबांना सवलत आहे. तरी जुने निकाल नाव घालतानाच द्या. दोन वर्षांच्या आतले असतील तर उपयोगी पडू शकतात.

जॉर्जिया चार गोष्टी पाहतं: बौद्धिक क्षमता, अभ्यासातली गती, सर्जनशीलता आणि अभ्यासाची ओढ. पहिल्या दोन जमल्या की झालं. नाहीतर चारपैकी कुठल्याही तीन. म्हणजे बुद्धिमापन चाचणी हुकली तरी दार बंद होत नाही, आणि नेमकं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पहिल्या दोनांवर पात्र ठरायचं तर बौद्धिक क्षमतेत बालवाडी ते दुसरीला 99 पर्सेंटाइल लागतं, तिसरीपासून 96. बाकीच्या चाचण्यांत 90. हे आपल्या दहावीच्या टक्क्यांसारखे गुण नव्हेत. 96 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली साधारण 96 मुलं तुमच्या मुलाच्या मागे. कॉगॅट या बौद्धिक क्षमतेच्या चाचणीच्या निकालाच्या कागदावर '8बी' आणि पुढे व्हर्बलचं आद्याक्षर व वजाचं चिन्ह असं काहीतरी असतं. 8 हा नऊपैकी एकूण स्तर; बाकीचा अर्थ, भाषेचा भाग इतर दोन भागांपेक्षा मागे. घरी मराठी बोलता म्हणून असं झालं, असा निष्कर्ष लगेच काढू नका आणि मराठी तर मुळीच बंद करू नका.

आपली मुलं अडखळतात ती सर्जनशीलतेत. टॉरन्स चाचणीत अर्धवट रेघा देतात आणि चित्र पुरं करून नाव द्यायला सांगतात. (ती तयार करणारे टॉरन्स इथल्याच जॉर्जिया विद्यापीठात शिकवत.) मूल दोन रेघा झटकन जोडतं, छप्पर काढतं, खाली 'घर' लिहितं आणि नीटनेटकं रंगवत बसतं. चित्र सुबक होतं, गुण मात्र जातात. तिथे वेगळी कल्पना, बारकावे, चित्रापलीकडचं शीर्षक आणि आकार बंद करायची घाई न करणं याला गुण असतात, सुबकतेला नाही.

खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून घेण्याआधी विचार करा. शाळा ती विचारात घेऊ शकते, स्वतःच्या चाचणीऐवजी धरत नाही. त्यापेक्षा शाळेच्या गिफ्टेड समन्वयकाला ईमेल करून नाव सुचवा. पालकांना तो हक्क आहे.

मग घरी संमतीपत्रक येतं. सही नसेल तर चाचणी नाही, आणि हा कागद हमखास दप्तराच्या तळाशी सापडतो. मूल पात्र ठरलं की वर्गात बसवण्यासाठी दुसरी, वेगळी सही लागते.