संपूर्ण घरासाठी एसपीडी ४० केएचा घ्यावा की १०० केएचा, आणि त्याला देखभाल लागते का?

डब्यावरचा केएचा (किलोअँपिअरचा, म्हणजे हजार अँपिअरचा) आकडा पाहून एसपीडी, म्हणजे विजेच्या तारेतून येणारी व्होल्टेजची क्षणिक उसळी (सर्ज) अर्थिंगकडे वळवणारे यंत्र, निवडणे मला मुळातच मान्य नाही. तो आकडा यंत्र एकदा किती मोठा प्रवाह झेलू शकेल एवढेच सांगतो. त्या वेळी तुमच्या उपकरणांपर्यंत किती व्होल्ट पोहोचतील, हे 'यूपी' या आकड्यावरून कळते आणि तो जितका कमी तितका चांगला. मात्र चुकीच्या जोडणीपुढे तोही निरुपयोगी ठरतो, आणि याच मुद्द्यावर माझे व थोरल्या बंधूंचे आजतागायत पटलेले नाही.

त्यांच्या घरी मेन बोर्डात एसपीडी बसवला, तेव्हा वायरमनने हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर सुबक वेटोळे करून केबल टायने बांधून ठेवली होती. ती कापून आखूड करा, असे मी तिथेच सांगितले. त्यावर "कापली तर पुढेमागे कमी पडेल" असे वायरमन म्हणाला, आणि बंधूंनी त्याचीच री ओढली. वास्तविक सरळ वायरीच्या प्रत्येक मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध, असतो. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १ केए या वेगाने चढला, तर मीटरमागे सुमारे १,००० व्होल्ट एसपीडीच्या 'यूपी'मध्ये वाढतात, आणि वेटोळ्यात त्याहून अधिक. म्हणूनच फेजपासून एसपीडीपर्यंत आणि तिथून अर्थ बारपर्यंत मिळून वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. जागेची अडचण असल्यास येणारी वायर आधी एसपीडीच्या टर्मिनलवर आणून तिथूनच पुढे न्यावी, फक्त ते टर्मिनल तेवढा प्रवाह वाहण्याच्या क्षमतेचे हवे. पुढे एका वादळात बंधूंच्या फ्रिजचे कंट्रोल कार्ड आणि राउटर जळाले, एसपीडीची स्थिती दाखवणारी खिडकी मात्र हिरवीच राहिली, आणि "तुमचे हे यंत्र म्हणजे निव्वळ लूट" असा निकाल त्यांनी देऊन टाकला.

हिरवी खिडकी एवढेच सांगते की आतल्या व्हॅरिस्टरला (व्होल्टेज चढले की प्रवाह वाहू देणाऱ्या भागाला) सोडवणारा उष्णतेवर चालणारा स्विच अजून उघडलेला नाही. एसपीडीसाठी लावलेला एमसीबी पडला असेल, तर खिडकी हिरवी असूनही संरक्षण शून्य असते. प्रत्येक मोठ्या वादळानंतर या दोन्ही गोष्टी पाहाव्यात, कारण एसपीडी निकामी झाल्यावरही घरातील दिवे नेहमीसारखेच लागतात आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. खिडकी लाल झाली की मेन स्विच बंद करून कार्ट्रिज (एसपीडीचा काढता-घालता येणारा भाग) बदलून घ्यावे. वायरिंगची मेगर चाचणी (इन्सुलेशनची तपासणी) करताना कार्ट्रिज काढून ठेवायला वायरमनला आवर्जून सांगावे, नाहीतर ५०० व्होल्टला व्हॅरिस्टर वाहू लागून चुकीचे रीडिंग येते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाविषयी. २३० व्होल्टच्या साध्या घराला टाइप २ चा (घरातील बोर्डात बसवायच्या प्रकारचा), ४० केए कमाल क्षमतेचा एसपीडी सहसा पुरतो. इमारतीवर तडितरक्षक असेल तर मात्र मेनजवळ टाइप १ (थेट पडलेल्या विजेचा प्रवाह झेलणारा प्रकार) लागतो आणि तिथे १०० केएचा टाइप २ त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण टाइप १ ची चाचणी १०/३५० मायक्रोसेकंदांच्या, म्हणजे कितीतरी लांबलेल्या लाटेवर होते. न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढले तर कोणताच एसपीडी वाचवत नाही; उलट तोच तापतो. त्यासाठी ओव्हरव्होल्टेज रिले वेगळा घ्यावा लागतो.

बंधूंच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की राउटरचे नुकसान टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून झाले असावे आणि त्या वाटेला बोर्डातला एसपीडी काहीच करू शकत नाही. फ्रिजला मात्र टेलिफोनची तार नव्हती. त्यांनी आता स्टॅबिलायझर घेतला आहे, जो मायक्रोसेकंदांत येऊन गेलेल्या सर्जपुढे हलतही नाही, आणि ते वेटोळे अजून बोर्डात तसेच आहे.