एकाच माणसाची दोन आडनावं, मग घराणी किती?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही खानापूर तालुक्यातले. लेक मॉन्ट्रियलला असते, जावई तिथलाच फ्रेंच बोलणारा. परवा व्याह्यांनी त्यांची वंशावळ पाठवली तर त्यात एका आजोबांपुढं 'उदों दि बोल्यो', एक मुलगा नुसता उदों तर दुसरा बोल्यो. ही दोन घराणी म्हणायची का? आणि त्यातल्या सगळ्या बायका माहेरच्याच नावानं, आमच्या लेकीनंपण आडनाव बदललं नाही, पै-पावणे विचारून विचारून डोकं खायलेत. काय सांगू त्यांना?

उत्तर: नाही हो वहिनी, घराणं एकच. आपल्या जमिनीच्या उताऱ्यावर 'अमुक ऊर्फ तमुक' असतं बघा, तसलंच आहे ते, मधला 'दि' म्हणजे ऊर्फ. बरीचशी नावं पलटणीतनं आली. १६६५ ला फ्रान्सच्या राजानं कारिन्याँ-सालिएर नावाची रेजिमेंट क्यूबेकला (कॅनडातला प्रांत, मॉन्ट्रियल त्यातच येतं) पाठवली, आणि फ्रेंच पलटणीत शिपायाला टोपणनाव असायचंच, कुणी लाफ्लर म्हणजे फूल, कुणी साँसूसी म्हणजे बिनघोर (लढाईला जाणाऱ्याला हे नाव!). पुढं त्यातले कित्येक जण तिथंच जमीन घेऊन राहिले आणि टोपणनाव पोराबाळांनापण चिकटलं. काहींचं गावावरनं पडलं, काहींचं भाऊबंदांच्या शाखा वेगळ्या ओळखायला. मग एक भाऊ जुनं नाव लावणार, दुसरा नवं, कुणी दोन्ही. त्यामुळं शोधताना दोन्ही नावांनी शोधायचं, नाहीतर अर्धी भावकी हरवते. त्यातनं कुणी अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत कामाला गेलं असेल तर आणखी घोळ, तिकडं नावाचं सरळ इंग्रजी करून रुआचा किंग झाला, लब्लांचा व्हाइट.

आता बायकांचं. चर्चच्या जुन्या दप्तरात बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावानं, आणि माझ्या मते ही वंशावळ इतकी मागं जाते ती त्याच्यामुळंच. लग्नाची नोंद वाचायला मिळाली तर बघा, नवरा अमक्या गावचा, अमक्याचा आणि अमकीचा मुलगा, नवरीचंपण तसंच, दोन्ही आयांची माहेरची आडनावं घालून, साक्षीदार कोण, आणि शेवटी पाद्री लिहितो की सही येत नाही असं दोघांनी सांगितलं. म्हणजे एका नोंदीत चार आईबाप सापडले, मग त्यांचं लग्न शोधायचं, असं लग्नावरनं लग्नावर मागं जायचं. फक्त दुसरेपणाचं लग्न असेल तर बहुतेक वेळा आईबापांऐवजी आधीच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव असतं, मग पहिलं लग्न हुडकायला लागतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत सगळ्या पोरी मारी आणि सगळी पोरं जोझेफ दिसली तरी घाबरू नका, ते पुढं लावायची पद्धत होती, हाक मारायचं नाव बहुतेक शेवटचं.

नोंदी टिकल्या कशा म्हणाल तर १६७९ पासनं दप्तराच्या दोन प्रती ठेवायचा हुकूम होता, एक चर्चला, एक कोर्टाकडं. जुन्या दप्तरांचे फोटो 'ड्रूएँ कलेक्शन' म्हणून ऑनलाइन मिळतात, आणि मॉन्ट्रियल युनिव्हर्सिटीनं १९६६ पासनं जुन्या घराण्यांचा डेटाबेस केलाय, जावयाला तिथंच आधी बघायला सांगा.

पै-पावण्यांना सरळ सांगा की क्यूबेकमध्ये १९८१ पासनं कायदाच आहे, लग्नानंतर बाईनं स्वतःचंच नाव चालवायचं, नवऱ्याचं लावतो म्हटलं तरी सरकारी कागदावर चालत नाही. आणि आपल्याकडं तरी बदलायची कायद्यानं कुठं सक्ती आहे?

व्याह्यांनी उलट तुमची वंशावळ मागितली तर मात्र पंचाईत, कारण आपल्या भागात हेळवी बैल घेऊन दारात येऊन पिढ्या वाचून दाखवतात खरं, पण त्यात नावं बहुतेक बाप्यांचीच. तेव्हा पुढच्या वेळी हेळवी आला की लेकीचं नाव सांगून घालायला लावा, आणि सासूबाईंचं, आजेसासूबाईंचं माहेर कुठलं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आत्ताच वहीत लिहून ठेवा.