७५ आणि ९४: खरा आकडा कोणता?

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात चौथीत. शाळेच्या शिबिरात आकृत्यांची चाचणी झाली, कागदावर ७५ आलं. मी रात्रभर रडले. मग एका दवाखान्यात अर्ध्या तासाची दुसरी चाचणी करून घेतली, तिथे बुद्ध्यांक ९४. कोणता खरा मानू? घरी आम्ही मराठीच बोलतो. (एक आई, सातारा)

उत्तर : ताई, तो पहिला कागद पुन्हा हातात घ्या. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ७५ च्या पुढे बारीक अक्षरांत ‘पर्सेंटाइल’ लिहिलंय. तो बुद्ध्यांक नाहीच. त्याच्या वयाच्या शंभर मुलांत पंचाहत्तर जण त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरतात. त्या मोजपट्टीवर हे ११० च्या आसपास जातं. ज्या आकड्यासाठी तुम्ही रडलात, तोच दोन्हींत वरचा आहे. हे कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं. निकाल नुसता दप्तरातून घरी पाठवणं मला अजिबात पटत नाही.

मग ९४ कुठून आलं? शाळेतली चाचणी रेव्हनची, रंगीत आकृत्यांची. छत्तीस नक्ष्या, प्रत्येकीतला एक तुकडा गायब. खालच्या सहांतून जुळणारा दाखवायचा. बोलावं लागत नाही. दवाखान्यातली वेश्लरची संक्षिप्त चाचणी. तिच्यात ठोकळे आणि आकृत्या आहेतच, शिवाय शब्दांचे अर्थ आणि दोन शब्दांतलं साम्य सांगायचं, तेही इंग्रजीत. तुमच्या अहवालात ठोकळे-आकृत्यांना १०७ आहेत, भाषेच्या भागाला ८३. म्हणजे आकृत्यांपुरत्या दोन्ही चाचण्या एकच सांगतायत. एकूण आकडा भाषेनं खाली ओढलाय.

मागच्या हिवाळ्यात तिसरीतली एक मुलगी माझ्यासमोर होती. साम्याचा प्रश्न इंग्रजीत विचारला, तर ती टेबलाची कड नखानं खरवडत गप्प. चाचणी संपल्यावर मी तसाच एक प्रश्न मराठीत विचारला : मांजर आणि चिमणी सारख्या कशा? ‘दोघींना पिल्लं होतात,’ लगेच म्हणाली. ते गुण मला धरता आले नाहीत, नियमच तसा आहे. पण वाक्य अहवालात लिहिलं.

संक्षिप्त चाचणी ही चाळणी असते. प्रश्न थोडे, त्यामुळे चार-पाच गुण सहज इकडेतिकडे होतात. तिच्यावरून मुलावर शिक्का मारू नये. तुम्ही मराठीत चाचणी घेणारा मानसतज्ज्ञ शोधा आणि पूर्ण चाचणी करून घ्या. अशा चाचण्या आहेत : मानसशास्त्रज्ञ कामतांनी बिने ही बुद्ध्यांकाची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली, नागपूरच्या मालिन यांनी १९६९ मध्ये वेश्लरची भारतीय आवृत्ती केली. दोन्हींचे निकष, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना होते ते, जुने आहेत, म्हणून आकडा थोडा फुगून येतो, तेही तिथे विचारा. वाचन-लेखन मागे असेल तर त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

जाताना दोन्ही कागद सोबत न्या. आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली, ते नव्या अहवालात लिहून घ्या.