पीएसए वाढला म्हणजे कॅन्सर पसरला का?

प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांकडून हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं एक प्रथिन, ते रक्ततपासणीत मोजतात. एका काकांची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून.

बायोप्सीत ग्लीसन स्कोअर ६ आला होता, म्हणजे सर्वांत सौम्य गट. डॉक्टरांनी ऑपरेशनची घाई न करता नियमित तपासण्या करत राहायला सांगितलं होतं. मग ५.८ असलेला पीएसए ७.४ झाला. रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला आणि काकांची झोप उडाली. "ताई, हातावर हात धरून बसलो, तेच चुकलं. आता काढूनच टाकतो."

मी विचारलं, "मधे लघवीचा काही त्रास झाला होता का?" काका गप्प. काकू म्हणाल्या, "जळजळ होती, तापही आला होता. गोळ्या घेतल्या ना यांनी." हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे प्रथिन प्रोस्टेटच्या निरोगी पेशीही बनवतात. जंतुसंसर्ग झाला, वयानुसार ग्रंथी वाढली, तरी ते रक्तात वाढतं. उलट वाढलेली प्रोस्टेट लहान करणारी फिनास्टेराइडची गोळी काही महिने चालू असली की, कॅन्सर असला तरी, आकडा जवळपास निम्म्यावर येतो आणि घरचे निर्धास्त होतात. मला त्याचीही तेवढीच काळजी वाटते.

काकांनी पीटेन आणि केआय-६७ बद्दल वाचलं होतं. "ती रक्ततपासणी करून एकदाचा निकाल लावू." पण ही प्रथिनं बायोप्सीच्या तुकड्यात पाहतात. पीटेन पेशींच्या वाढीला आवर घालतं; ते नाहीसं झालं असेल तर आजार आक्रमक असण्याची शक्यता वाढते. केआय-६७ वरून किती पेशी विभागत आहेत ते कळतं. धोक्याचा अंदाज त्याने सुधारतो, पण एका माणसाचं पुढे काय होणार, हे त्यातून ठरत नाही.

ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासाबद्दलही आम्ही बोललो. १५ वर्षांनंतर ऑपरेशन, रेडिएशन आणि देखरेख या तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने झालेले मृत्यू ३ टक्क्यांच्या आसपासच होते. मात्र देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, सुमारे ९ टक्के. बाकी दोन्हींत ५. हेही मी लपवलं नाही. तपासणी चुकवायची नाही, ती याचसाठी.

डॉक्टरांनी काही आठवडे थांबून पीएसए पुन्हा करायला सांगितला. तो ६.१ आला, एमआरआयमध्ये बदल नव्हता. तपासणी जवळ आली की काकांची झोप अजूनही जाते. म्हणून आता अपॉइंटमेंट आधी घेतात, रक्त नंतर देतात, आणि रिपोर्टची फाइल काकू डॉक्टरांसमोरच उघडतात.