हजार नाण्यांचं वजन किती भरेल?

सगळी नाणी एकाच प्रकारची असतील तर एका नाण्याचं वजन गुणिले संख्या, झालं. अमेरिकेचं ५ सेंटचं नाणं ५ ग्रॅमचं, म्हणजे हजार नाणी ५ किलो. १ युरोचं साडेसात ग्रॅमचं, म्हणजे हजारांचे साडेसात किलो.

गोची होते ती अमेरिकेच्याच १ सेंटमध्ये. १९८२ साली त्याचा धातू बदलला; आधीचं ३.११ ग्रॅमचं, नंतरचं २.५ ग्रॅमचं, आणि दिसायला दोन्ही सारखीच! (खुद्द १९८२ची तर दोन्ही वजनांची सापडतात.) अशी सरमिसळ आधी निवडून वेगळी करा.

नाण्याचं वजन माहीत नसेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकच नाणं ठेवू नका. तिथे एका ग्रॅमचा फरक पडला, तर हजार नाण्यांमागे किलोभर चुकतं. पन्नास एकदम ठेवा आणि पन्नासने भागा. झिजलेली नाणी किंचित कमी भरतात.