पात्राचा भूतकाळ किती आणि केव्हा सांगावा

तुमच्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे वाचली. नायकाचे वडील गिरणी कामगार होते, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात त्यांची नोकरी गेली आणि कुटुंब लालबागच्या चाळीतून गावी परतले, हे सारे तुम्ही दुसऱ्याच प्रकरणात सलग अकरा पानांत सांगून टाकले आहे. तोवर वाचकाला नायकाविषयी एकही प्रश्न पडलेला नसल्याने ही उत्तरे वाया जातात.

हा इतिहास जन्मसालांसह वेगळ्या वहीत अवश्य लिहावा, कारण संपाच्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा २०१० साली अडतीस वर्षांचाच असला पाहिजे. (वयाचा हा घोळ मी स्वतः घातलेला आहे.) कादंबरीत मात्र त्यातला आजच्या प्रसंगाला भिडणारा अंशच यावा. आपल्या मुलाच्या कारखान्यात संप होणार असे कळताच नायक काही न बोलता तांदळाचा डबा उघडून पाहतो, एवढी कृती आधी दाखवावी. तिचे कारण शंभर पानांनी आले तरी चालेल.

‘आपले बाबा गिरणीत होते ना,’ असे भावाने बहिणीला सांगणे तर टाळावेच, कारण तिला ते ठाऊकच असते. दीर्घ पूर्वस्मृतीत ‘गेले होते, म्हणाले होते’ अशी रूपे पहिल्या दोन-तीन वाक्यांपुरती ठेवून पुढे साध्या भूतकाळात यावे, अन्यथा प्रत्येक वाक्य ‘होते’वर आदळते.